इंग्रजी न कळणाऱ्या पोरांना नुसत्या कानानं कळेल असा रॉक-पॉपमधला क्षण कोणता?

लातूरचा_श्रोता

नमस्कार मंडळी. लातूरहून लिहायलोय. आमच्या भागात एक अभ्यासिका आहे, नीट आणि जेईईची पोरंपोरी दिवसभर तिथं बसून असतात. चालवणारे काका हौशी आहेत, रविवारी संध्याकाळी वरचा हॉल त्यांनी मला गाणी लावायला दिलाय. औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर, पार देगलूरकडून आलेली लेकरं, घर सोडून रूम करून राहायलेत, आठवड्यात तासभर पुस्तकाबाहेरचं काहीतरी कानावर पडावं एवढाच हेतू. आधी थोडं शास्त्रीय झालं, मग जुनी हिंदी गाणी झाली, आता पोरंच म्हणायलेत की सर रॉक-पॉपचं काहीतरी लावा, ते सुरू कसं झालं ते सांगा.

आता अडचण अशी की नेटवर "रॉकच्या इतिहासातले महत्त्वाचे क्षण" शोधलं की सगळीकडं तीच यादी येते. 9 फेब्रुवारी 1964 ला बीटल्स अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात आले, 7 कोटी 30 लाख लोकांनी बघितलं. 3 फेब्रुवारी 1959 ला विमान पडून बडी हॉली गेला. 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही सुरू झालं. हे सगळं खरं आहे आणि मोठं पण आहे, पण मी हे फळ्यावर लिहिलं तर पोरं वहीत उतरवून घेतील आणि झालं. सात कोटी हा आकडा काय ऐकू येत नाही ना.

मला असे क्षण पाहिजेत की रेकॉर्ड लावली आणि जे बदललं ते तिथल्या तिथं कानाला कळलं, शब्द कळायची गरज नको. माझ्याकडून एक ठरवलाय. मेम्फिस गावातला सन स्टुडिओ, 5 जुलै 1954. एल्विस प्रेस्ली 19 वर्षांचा, सोबत गिटारवर स्कॉटी मूर आणि डबल बासवर बिल ब्लॅक, ड्रमवाला नाहीच. संध्याकाळभर संथ गाणी करून बघितली, काही जमेना, आणि मधल्या सुट्टीत पोरगं सहज गंमत म्हणून आर्थर क्रुडपचं 1946 मधलं 'दॅट्स ऑल राइट' उड्या मारत म्हणायला लागलं, बाकीचे दोघं मागून सुरू झाले, आणि स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्सनी आतून डोकं काढून विचारलं की हे काय चाललंय, परत पहिल्यापासून घ्या. क्रुडपचं आधी लावायचं आणि लगेच एल्विसचं. गाणं तेच, पण चाल अशी हलकी होऊन पळते की कुणालाही कळावं.

असा तुमचा एक एक सांगा. कुठं कान द्यायचा आणि मागं काय घडलं होतं, दोन्ही सांगा. साधन म्हणाल तर प्रोजेक्टर आहे आणि दोन जुने मोठे स्पीकर आहेत.

परभणी_रिपेरिंग

दादा, मी ॲम्प्लिफायर-स्पीकर दुरुस्तीच्या धंद्यातला माणूस, त्यामुळं मी बिघाडच सांगणार. रॉक गिटारचा जो खरखरीत, फाटका आवाज आहे ना, ज्याच्याशिवाय पुढचं हार्ड रॉक आणि मेटल झालंच नसतं, तो आवाज बिघाडातनं आलाय, आणि हे तीन गाण्यांत क्रमानं ऐकवता येतं.

पहिलं, मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी', 1961. साधं शांत गाणं आहे, पियानो वगैरे, गोड गळा. नॅशव्हिलच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू होतं, ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता, आणि मिक्सिंग कन्सोलच्या त्या चॅनलचा ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हाच गेला. मधल्या सोलोत एकदम घरघर सुरू होते. दुसरा कुणी असता तर टेक फेकून दिला असता, पण त्यांनी ठेवला आणि गाणं चाललं. मग लोक यायला लागले की आम्हालाही तसलाच आवाज पाहिजे, तर इंजिनियर ग्लेन स्नॉडी बसला आणि ट्रान्झिस्टर लावून तो बिघाड मुद्दाम करणारं सर्किटच त्यानं बनवलं. गिब्सन कंपनीनं ते 1962 मध्ये मायस्ट्रो फझ-टोन नावानं पायानं दाबायच्या पेडलच्या रूपात बाजारात आणलं. सुरुवातीला कुणी फारसं घेईना.

दुसरं, 1964, लंडन, द किंक्स नावाचा बँड, 'यू रिअली गॉट मी'. डेव्ह डेव्हिस 17 वर्षांचा पोरगा, त्याच्याकडं एल्पिको नावाचा छोटा स्वस्त ॲम्प. त्याला आवाज पाहिजे तसा येईना म्हणून त्यानं रेझर ब्लेड घेऊन स्पीकरचा कोन चिरला. हे मी तुम्हाला हातानं सांगू शकतो काय होतं ते. कोन म्हणजे कागदच असतो, मागच्या कॉइलनं ढकलला की अख्खा एकसारखा पुढंमागं व्हायला पाहिजे. चिरा पडल्या की प्रत्येक तुकडा आपापल्या परीनं फडफडतो, कडा एकमेकीला घासतात, आणि सूर वाजताना त्याच्यासोबत ती फडफड पण वाजते. आमच्याकडं कुणी असा स्पीकर आणला तर आम्ही नवा कोन टाकून देतो. त्यानं तो तसाच ठेवला, त्याचा आवाज मोठ्या व्हॉक्स ॲम्पमधून बाहेर काढला, आणि गाणं सप्टेंबरमध्ये इंग्लंडात एक नंबरला गेलं. पहिल्या सेकंदापासून ऐकवा, नुसते दोन कॉर्ड आहेत, मागंपुढं, मागंपुढं.

तिसरं, 1965, रोलिंग स्टोन्स, 'सॅटिस्फॅक्शन'. त्यांच्या गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सला झोपेत ती धून सुचली, उशाजवळच्या कॅसेट रेकॉर्डरवर त्यानं ती वाजवून ठेवली आणि परत झोपला, टेपवर पुढं त्याचं घोरणंच आहे असं तोच सांगायचा. स्टुडिओत त्यानं ती फझ-टोन पेडलवर वाजवली ती तात्पुरती म्हणून, त्याच्या डोक्यात तिथं ट्रम्पेट-सॅक्सोफोन घालायचे होते. बाकीच्यांनी तशीच राहू दिली. गाण्यात फझ मधेच बंद होतो, साधी गिटार येते, परत चालू होतो, हे पोरांना बोट वर करून दाखवायला सांगा, बरोबर पकडतील. त्यानंतर ते पडून राहिलेले पेडल दुकानांतून संपून गेले.

फिजिक्सची पोरं आहेत तर हे पण सांगा की सिग्नलची लाट वरून खालून कापली की माथा सपाट होतो आणि मूळ सुरात नसलेले वरचे सूर तयार होतात, खरखर म्हणजे तेच. त्यांना लगेच कळेल, त्यांच्या पुस्तकात हार्मोनिक्स आहेतच. माझ्याकडं एक फाटक्या कोनचा स्पीकर पडलाय, पाहिजे असेल तर लातूरच्या गाडीत टाकून देतो.

जालना_रोड

वरच्या मामांचं उत्तर वाचून आत्ता तिन्ही गाणी लागोपाठ लावली. पहिल्या गाण्यातला सोलो येताच अंगावर काटा आला की ओ, एवढ्या शांत गाण्यात हे असं. धन्यवाद.

अंबाजोगाईची_बाई

मी शाळेत शिकवते, लातूरला माझी भाची तशाच एका अभ्यासिकेत आहे म्हणून तुमचा धागा लक्ष देऊन वाचला. माझ्याकडून 'रिस्पेक्ट'. पण दोन्ही. एक लावून भागणार नाही.

ओटिस रेडिंगनं ते 1965 मध्ये स्वतः लिहून गायलं. एक कमावता पुरुष दमून घरी येतोय आणि म्हणतोय की घरी आल्यावर मला मान मिळाला पाहिजे, बस. गाणं चांगलंच आहे, जोरदार आहे, दोन मिनिटांत संपतं. मग 14 फेब्रुवारी 1967 ला न्यूयॉर्कमध्ये अरीथा फ्रँकलिननं ते घेतलं. तिचं वय तेव्हा 24. डेट्रॉइटच्या चर्चमध्ये वडील उपदेश द्यायचे, तिथं लहानपणापासून गाऊन तयार झालेला गळा, आधीच्या कंपनीत बरीच वर्षं गेली पण तिला काय गाता येतं ते तिथं कुणाला नीट वापरता आलं नाही. नव्या कंपनीत तिला स्वतः पियानोवर बसवलं, आणि सगळं मोकळं झालं.

तिनं कडवी फारशी बदलली नाहीत. म्हणणारी बाई झाली एवढ्यानंच सगळा अर्थ उलटा फिरला, आता मान मागणारी ती आहे. आणि जे ओटिसच्या गाण्यात अजिबात नाही ते तिनं आणि तिच्या बहिणींनी घातलं. कान द्यायचा तो दीड मिनिट उलटून गेल्यावर. सगळी वाद्यं थबकतात आणि ती त्या शब्दाचं एक एक अक्षर सुटं करून म्हणते, आर, ई, एस, पी, ई, सी, टी, प्रत्येक अक्षरावर ठोका. मागं बहिणी भराभर उत्तर देतात. तुमच्या पोरांना इंग्रजी गाणं कळत नसलं तरी ही सात अक्षरं कळतीलच, आणि ती का सुटी करून सांगितली तेही कळेल, ज्याला एकदा सांगून समजत नाही त्याला आपण असंच सांगतो. त्याच्या आधी किंग कर्टिसचा सॅक्सोफोन आहे, तिथं गाण्याची पट्टीच बदलल्यासारखी वाटते, तोही भाग ओटिसकडं नव्हता.

जून 1967 मध्ये हे अमेरिकेत एक नंबरला होतं. त्याच महिन्यात माँटेरीच्या महोत्सवात ओटिसनं स्वतःचंच गाणं म्हणताना सांगितलं की हे एका मुलीनं माझ्याकडून नेलं. मनापासून, कौतुकानं सांगितलं त्यानं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विमान अपघातात तो गेला, वय 26.

आपल्याकडं जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासर, नवरा, दीर सगळ्यांना बायांनी आपल्या शब्दात सुनावलेलंच आहे, मुलींना घरात ते ऐकून माहीत असतं. तेव्हा दोन्ही गाणी मिळून पाच मिनिटंसुद्धा होत नाहीत, आधी ओटिस, मग अरीथा, मध्ये काही बोलू नका. बोलायचं ते नंतर. आणि पहिल्यांदा मुलींना विचारा काय फरक वाटला, मुलं मग बोलतील.

गोदाकाठ_नांदेड

राम राम. मी तबला वाजवतो, तर माझा क्षण सूर लावण्याचा.

1 ऑगस्ट 1971, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पूर्व पाकिस्तानात आधी चक्रीवादळ, मग कत्तल, लाखो निर्वासित बंगालमध्ये येऊन पडलेले. पंडित रविशंकरांचं मूळ बंगाली, त्यांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला सांगितलं की काहीतरी करायला पाहिजे, आणि काही आठवड्यांत हॅरिसननं एवढी मंडळी गोळा केली, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन. दुपारी एक आणि रात्री एक असे दोन कार्यक्रम, मिळून चाळीस हजारांच्या आसपास लोक. मोठ्या रॉक कलाकारांनी एका देशातल्या माणसांच्या मदतीसाठी एवढा मोठा कार्यक्रम करायचा, ही वाट इथून पडली, पुढचे सगळे त्या वाटेनं गेले.

पण सुरुवात कुणी केली? रविशंकर सतार, अली अकबर खाँ सरोद, अल्लारखाँ तबला, कमला चक्रवर्ती तानपुरा. रेकॉर्डिंग आहे, लावा. आधी ते वाद्यं मिळवून घेतात, थोडा वेळ तारा छेडणं, तबल्यावर थाप, एवढंच. आणि ते थांबल्यावर लोक टाळ्या वाजवतात! गाणं सुरू झालंय असं वाटलं त्यांना. रविशंकर अगदी नम्रपणे म्हणतात की तुम्हाला वाद्यं जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. लोक बाहेर हसतात यावर. मला मात्र ते ऐकताना दरवेळी बरं वाटतं, कारण त्या लोकांनी टाळी दिली ती मनापासून दिली, त्यांना सुराला सूर लागतानाचा आवाजच आवडला होता, आणि त्यात वावगं काही नाही, आमच्याकडं तानपुरा बरोबर लागला की जाणता माणूस तिथंच मान हलवतो. पुढं बांगला धून सोळा-सतरा मिनिटं आहे, शेवटच्या द्रुत भागात सतार-सरोद आणि तबल्याची जी चढाओढ आहे ती ऐकून तो अख्खा हॉल उठतो.

जाता जाता अजून एक, पोरांना सांगण्यासारखं. 1966 चा बीटल्सचा रिव्हॉल्व्हर अल्बम आहे, त्यात हॅरिसनचं 'लव्ह यू टू' आहे, त्याच्यावर तबला आहे अनिल भागवत यांचा, आणि त्यांचं नाव अल्बमच्या कव्हरवर छापलंय. बीटल्स बाहेरच्या वादकाचं नाव सहसा छापत नसत. लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत ते आले होते. सुरुवातीला सतारीचा छोटा आलाप आहे, त्याला ताल नाही, मग तबला पकडतो आणि गाणं पळायला लागतं. भजनात पेटीवाल्यानं आळवणी संपवली आणि पखवाजावर पहिली थाप पडली की सगळे सरसावून बसतात ना, ते तिथं होतं. आधीच्या वर्षी 'नॉर्वेजियन वूड'मध्ये त्यानं नुसती धून सतारीवर वाजवली होती, इथं गाण्याचा साचाच आपल्याकडून घेतला. हा फरक पाच मिनिटांत दाखवता येतो.

लातूरचा_श्रोता

काय बोलू मंडळी, अख्खी रात्र ऐकत बसलो. परभणीच्या मामा, स्पीकर पाठवाच, गाडीचा नंबर कळवा मी स्टँडवर जाऊन घेतो. मॅडम, तुम्ही म्हणता तसं मध्ये बोलणार नाही. नांदेडच्या सरांना एक विचारायचंय, वाद्यं मिळवण्यापासूनच लावू ना, की ते पोरांना लांबेल?

गोदाकाठ_नांदेड

तिथूनच लावा. तेच ऐकवायचंय. टाळ्या आल्या की थांबवा आणि विचारा की लोकांनी टाळ्या का दिल्या असतील.

बीडचा_साउंडवाला

माझा लग्ना-वरातीचा साउंड आहे, गणपतीत तर झोप नसते. आम्हाला लोक म्हणतात हे नुसतं दणदण आहे यात कला काय, त्यांच्यासाठी हे सांगतो.

11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, 1520 सेजविक ॲव्हेन्यू नावाची एक राहती इमारत, तिच्या खालच्या सामाईक हॉलमध्ये पार्टी. सिंडी कॅम्बेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, पैसे जमवायला तिनं पार्टी ठेवली, मुलींना तिकीट 25 सेंट आणि मुलांना 50. गाणी लावायला तिचा भाऊ, क्लाइव्ह, ज्याला सगळं जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. तो मूळ जमैकाचा, तिथं रस्त्यावर मोठमोठे स्पीकर लावून नाचायची पद्धत होती, ते त्याच्या रक्तात.

त्यानं बघितलं की लोक गाणं चालू असताना उभे असतात आणि मधला एक तुकडा आला, जिथं गायक गप्प होतो आणि नुसते ड्रम वाजतात, तिथं एकदम नाचायला उसळतात. हा तुकडा दहा-पंधरा सेकंदांचा. मग तो करायला काय लागला, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या, दोन टर्नटेबलवर ठेवायच्या, एका प्रतीवर तो तुकडा संपत आला की दुसऱ्या प्रतीवर सुई त्याच तुकड्याच्या सुरुवातीला टेकवायची, तोवर पहिली मागं आणायची. दहा सेकंदांचं पाच मिनिटं. त्याच तुकड्यावर तो माइकवरून लोकांना हाका मारायचा, नावं घ्यायचा. हिपहॉप याच्यातनं उभं राहिलं, आज आपल्या भागातली पोरं मोबाईलवर मराठीत रॅप करतात त्याचं मूळ तिथं आहे.

आता त्या पार्टीचं रेकॉर्डिंग लावायचं तर तसं नाही, पण करून दाखवता येतं की. जेम्स ब्राउनचं 'गिव्ह इट अप ऑर टर्नइट अ लूज' घ्या, त्याची ड्रमवाली जागा शोधा, दोन मोबाईलवर तेच गाणं ठेवा, छोट्या मिक्सरला दोन्ही जोडा आणि एका पोराला या बाजूला एका पोराला त्या बाजूला बसवा. एक संपायला आला की दुसऱ्यानं सुरू करायचा. पहिल्या दोन-तीन वेळा ठोका चुकेल, मग हात बसेल, आणि बसला की अख्खा हॉल मान डोलवायला लागतो बघा. हर्ककडं तर मोबाईल नव्हता, काळ्या तबकडीवर खूण करून नजरेनं सुई टेकवायचा. एवढं सगळं बहिणीच्या कपड्यांसाठी ठेवलेल्या पार्टीतनं झालं, याचा मला फार अभिमान वाटतो, आम्ही पण तेच काम करतो.

संभाजीनगर_सिडको

एवढं सगळं झालं आणि 13 जुलै 1985 नाही? लाइव्ह एड हा दुष्काळाच्या मदतीचा कार्यक्रम, लंडनचं वेम्बली स्टेडियम, क्वीन बँड आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलाय, फारुख बलसारा, तिथल्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे तरी पोरांना सांगा. मूळ लेखकानं विचारलंय ना शब्द न कळता कळेल असं, मग याच्यापेक्षा दुसरं काय आहे. गाण्यांच्या मध्ये फ्रेडी एकटा माइक घेऊन उभा राहतो आणि नुसतं "एऽऽओ" म्हणतो, भाषाच नाही त्यात, आणि 70 हजारांच्या वर लोक तसंच परत म्हणतात, तो अवघड करत जातो, लोक मागं मागं जातात. आमच्याकडं पैठणला नाथषष्ठीला कीर्तनकार एक चरण टाकतो आणि हजारो वारकरी तो उचलतात, हे ज्यानं ऐकलंय त्याला कळेल की तिथं काय चाललंय.

आणि हे आपोआप झालेलं नाही. प्रत्येक बँडला वीसएक मिनिटं मिळाली होती, क्वीननं आधी थिएटर घेऊन तालीम केली, घड्याळ लावून. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पूर्ण वाजवलंच नाही, पहिला भाग घेऊन थेट 'रेडिओ गागा'वर गेले, सहा गाणी बसवली. 'रेडिओ गागा'त सगळं स्टेडियम हात वर करून एका वेळी टाळी देतं ते प्रोजेक्टरवर दाखवा.

परभणी_रिपेरिंग

सिडकोवाले दादा, पाचगणीचं सांगा जरूर, पण ऐकवताना ते नंतर सांगा असं माझं मत. आधी सांगितलं की पोरं आपला माणूस म्हणून टाळ्या देतील, आवाजाकडं लक्ष राहणार नाही. तो माणूस आपला नसता तरी त्या एऽऽओला तेवढीच दाद द्यावी लागली असती.

संभाजीनगर_सिडको

हे मान्य मामा. नंतर सांगा.

उदगीर_नाका

बीडच्या भावानं जेम्स ब्राउनचं नाव काढलं म्हणून लिहितो. 4 एप्रिल 1968 ला काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली. दुसऱ्याच दिवशी बॉस्टनमध्ये ब्राउनचा कार्यक्रम आधीपासून ठरलेला. अमेरिकेतली शहरं पेटलेली, बॉस्टनच्या महापौरांना कार्यक्रम रद्द करायचा होता, पण टॉम ॲटकिन्स या नगरसेवकानं सांगितलं की हजारो काळी पोरं दारावर येऊन बंद गेट बघतील तर जास्त भडकेल. मग असं ठरलं की कार्यक्रम करायचा आणि तिथल्या टीव्हीवर थेट दाखवायचा, म्हणजे लोक घरात बसून बघतील.

त्याचं चित्रण आहे. शेवटाकडं काही पोरं स्टेजवर चढायला लागतात, पोलीस त्यांना ढकलायला लागतात, आणि तिथं ब्राउन गाणं थांबवतो. पोलिसांना म्हणतो तुम्ही मागं व्हा, मी बघतो. पोरांना म्हणतो मला आपल्या लोकांकडून थोडा मान मिळाला पाहिजे, खाली उतरा, कार्यक्रम पुरा करू द्या. आणि पोरं उतरतात. मग तो ड्रमवाल्याकडं वळतो आणि गाणं परत सुरू होतं, त्याच ठेक्यावर. इथं शब्द कळले नाही तरी चालतं, बँड थांबल्यावर जी शांतता आहे आणि परत सुरू झाल्यावर जो ठेका आहे त्यातच सगळं आहे. कार्यक्रम संपला तसा टीव्हीवर लगेच परत दाखवला. त्या रात्री बॉस्टन शांत राहिलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं 'से इट लाउड, आय ॲम ब्लॅक अँड आय ॲम प्राउड' रेकॉर्ड केलं, त्यात उत्तर द्यायला लहान लेकरांना उभं केलं. माझं घराणं आंबेडकरी जलशाचं, आजोबा ढोलकी घेऊन गावोगाव जायचे. गाण्यानं माणसाला ताठ उभं करता येतं हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून सांगतो, हे दोन्ही लावा आणि त्या दिवशी बाकी काही लावू नका.

लातूरचा_श्रोता

सगळ्यांना सांगतो, परवाचा रविवार झाला. मामांचा स्पीकर वेळेवर पोचला होता. 'डोन्ट वरी' लावलं, सोलो सुरू झाला तसा मागच्या बाकड्यावरचा एक पोरगा उठून स्पीकरची वायर बघायला गेला, हलवून बघितली, मग ॲम्पच्या मागं वाकून बघितलं. मी काही बोललो नाही. गाणं परत शांत झालं तेव्हा तो वळून माझ्याकडं बघायला लागला. मग मी मामांनी सांगितलेली सगळी हकीकत सांगितली आणि फाटक्या कोनवर तेच गाणं परत वाजवलं. त्यानंतर हार्मोनिक्सवर पोरांचीच जी चर्चा सुरू झाली ती थांबेना, ओटिस आणि अरीथा पुढच्या रविवारवर गेले.

एका मुलीनं जाताना विचारलं की सर, सगळे गिटारवाले पुरुषच होते का. तिला काय ऐकवू? अंबाजोगाईच्या मॅडम, सांगा.

अंबाजोगाईची_बाई

सिस्टर रोझेटा थार्प. जन्म 1915, आर्कान्सास, आईसोबत चर्चमध्ये गात वाजवत मोठी झाली, 1938 पासून तिच्या रेकॉर्डी आहेत. 1944 मध्ये तिनं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' रेकॉर्ड केलं, म्हणजे तुमच्या एल्विसच्या त्या संध्याकाळच्या दहा वर्षं आधी. हे त्या मुलीला नीट साल लावून सांगा. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं ते 2018 मध्ये, ती 1973 लाच गेली होती.

दाखवायचं असेल तर 7 मे 1964 चं चित्रण दाखवा, इंग्लंडातलं मँचेस्टर. बंद पडलेलं एक रेल्वे स्टेशन ग्रॅनाडा टीव्हीनं घेतलं होतं, एका फलाटावर प्रेक्षक बसवले, मध्ये रूळ, समोरच्या फलाटावर कलाकार. पाऊस पडत होता. ही बाई जाड कोट घालून, ओल्या फलाटावर पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभी राहिली आणि तिनं पावसाचंच गाणं घेतलं, 'डिडन्ट इट रेन'. वय 49. मध्ये ती गाणं थांबवून नुसती गिटार वाजवते, बोटं तारेवर ताणून सूर वाकवते आणि तोंडानं स्वतःलाच दाद देते. परभणीच्या मामांचा तो ब्लेडवाला मुलगा त्याच उन्हाळ्यातला, हे लक्षात घ्या.

त्या मुलीला पुढं बसवा, प्रोजेक्टरवर हात स्वच्छ दिसतात. आणि सुरुवात कापू नका, ती घोडागाडीतून उतरून चालत येते तिथपासून लावा.